रंगमंचावरचा उजेड लक्षात कसा ठेवतात?

तिसरी घंटा होते, पडदा उघडतो. समोर एका जुन्या घराचा सोपा दिसतो. दुपारची वेळ आहे. दोन पात्रे बोलत बसली आहेत. बोलण्याच्या ओघात केव्हातरी ऊन कलते, सोप्यावर तांबूस झाक येते आणि अंगणात निळसर सावली उतरते. घरातली म्हातारी तुळशीपुढे दिवा लावते, तेव्हा आपल्या ध्यानात येते, की अरे, संध्याकाळ झाली! ती कधी झाली हे मात्र सांगता येत नाही. ते सांगता येऊ नये, हेच प्रकाशयोजनाकाराचे यश.

हा बदल घडवायला पाच-सहा दिव्यांपासून साठ-सत्तर दिव्यांपर्यंत कितीही दिवे कमीजास्त करावे लागतात. प्रत्येकाची गती वेगळी, थांबण्याची जागा वेगळी. आजच्या नाट्यगृहात हे काम प्रेक्षागृहाच्या मागे बसलेला एकच माणूस करतो, आणि तेही बहुधा एक बटण दाबून. बाकीचे त्याच्यापुढचा लाइटचा बोर्ड करतो, कारण तालमीच्या वेळी त्याला ते 'शिकवून' ठेवलेले असते. अशा एका शिकवलेल्या बदलाला रंगभूमीवर 'क्यू' म्हणतात. क्यू साठवायचा म्हणजे नेमके काय साठवायचे? उजेड तर डबीत भरून ठेवता येत नाही. मग बोर्डाच्या स्मृतीत असते तरी काय?

दोन हात आणि एक वही

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा रंगभूमीवर उजेड होता तो तेलाच्या ज्योतींचा. विजेच्या दिव्यांनी उजळलेली पहिली सार्वजनिक इमारत म्हणून लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाचे नाव घेतले जाते. ते वर्ष १८८१. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये पूर्ण झाले. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

विजेचा दिवा लावणे-विझवणे सोपे. तो हळूहळू मंद करायचा, तर मध्ये अवरोध घालावा लागतो. यासाठी मिठाच्या पाण्याचा डिमर वापरत. भांड्यात मिठाचे पाणी, तळाशी धातूची एक पट्टी आणि वरून खाली-वर करता येणारी दुसरी पट्टी. दोन पट्ट्यांमधले अंतर कमी केले की अवरोध कमी होतो आणि दिवा उजळतो. अंतर वाढवले की दिवा मंदावतो. पाणी तापे, कधी उकळेही. पुढे तारेच्या वेटोळ्यांचे डिमर आले. तत्त्व तेच : नको असलेली ऊर्जा उष्णता म्हणून उधळून टाकायची.

या सगळ्यात खरी अडचण माणसाच्या हातांची होती. हात दोन, दिवे अनेक. म्हणून वही आली. 'आईचे वाक्य संपले की चार नंबर सातावर, दोन नंबर शून्यावर' अशा नोंदी शेजारी ठेवून दांड्या सरकवायच्या. पुढे दोन ओळींचा बोर्ड आला. प्रत्येक दिव्यासाठी वरच्या ओळीत एक दांडी आणि खालच्या ओळीत एक. वरच्या ओळीवर चालू प्रसंग असताना खालच्या ओळीत पुढचा प्रसंग मांडून ठेवायचा, आणि वेळ आली की एकच मोठी दांडी सरकवून वरून खाली जायचे. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली : पुढचा उजेड प्रत्यक्ष दिसण्याआधीच दांड्यांच्या जागांच्या रूपात तयार राहू लागला. या जागा आकड्यांत लिहिल्या आणि दोनाऐवजी शेकडो ओळी केल्या, की स्मृती असलेला बोर्ड झाला.

असे बोर्ड १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या स्टुडिओंसाठी तयार झाले. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'अ कोरस लाइन' या संगीतिकेसाठी थॅरन मसर या प्रकाशयोजनाकार बाईंनी १९७५ मध्ये संगणकीय स्मृतीचा बोर्ड वापरला आणि ती पद्धत रूढ झाली.

आकड्यांची संध्याकाळ

वर सांगितलेली संध्याकाळ आपण सहा दिव्यांत बसवून पाहू. पहिला आणि दुसरा दिवा समोरून डावी-उजवीकडे, तिसरा मागून येणारा निळा, चौथा तुळशीवर, पाचवा खिडकीतून येणारा नारिंगी आणि सहावा स्वयंपाकघराच्या दारातला. पूर्ण तेजाला १०० मानून प्रत्येक क्यूमधील सहा दिव्यांचे आकडे क्रमाने लिहू :

क्यू १, दुपार, ३ सेकंद : ८०, ८०, ०, ०, ६०, ०
क्यू २, संध्याकाळ, ६० सेकंद : ४०, ४०, ३०, ०, ९०, ०
क्यू ३, तुळशीपुढे दिवा, ८ सेकंद : २०, २०, ३०, ७०, ३०, ०
क्यू ४, रात्र, १० सेकंद : १०, १०, ५०, ०, ०, ६०
क्यू ५, घर झोपले, ५ सेकंद : ०, ०, ५०, ०, ०, ०

बोर्डाच्या स्मृतीत असते ते एवढेच : क्यूचा क्रमांक, प्रत्येक दिव्याचा पोहोचण्याचा आकडा आणि पोहोचण्यास लागणारा वेळ. मधला प्रवास साठवलेला नसतो. बोर्ड तो त्या त्या क्षणी गणिताने काढतो. क्यू २ मध्ये पहिल्या दिव्याला ६० सेकंदांत ८० वरून ४० वर यायचे आहे, म्हणजे दर सेकंदाला दोन तृतीयांश एकक. १५ सेकंदांनी तो ७० वर असेल आणि ४५ सेकंदांनी ५० वर. त्याच ४५ व्या सेकंदाला तिसरा निळा दिवा २२.५ वर पोहोचलेला असेल. सातवी-आठवीच्या वर्गातले त्रैराशिक येथे संध्याकाळ करीत असते!

चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या दिव्यांना वेगवेगळा वेळही देता येतो. निळा दिवा २० सेकंदांत वर आणि पिवळे ६० सेकंदांत खाली, असे केले तर रात्र आधी येते आणि दिवस मागाहून जातो. दोन क्यूंच्या मध्ये ऐन वेळी नवा क्यू घालायचा, तर त्याला २.५ असा दशांश क्रमांक देतात. पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागत नाहीत.

आकडे तारेतून जातात

बोर्डाकडून डिमरपर्यंत हे आकडे पोहोचवण्यासाठी अमेरिकेत १९८६ मध्ये 'डीएमएक्स ५१२' हे प्रमाणक ठरवले गेले आणि जगभर ते रूढ झाले. त्यापूर्वी एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी बोलेलच अशी खात्री नसे. या पद्धतीत एका तारेवरून ५१२ आकडे एकामागून एक जातात. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांपैकी असतो, कारण तो आठ बिटांचा आहे आणि २ चा आठवा घात २५६ होतो. आपले ८० म्हणजे २०४ आणि ४० म्हणजे १०२.

प्रत्येक आकड्याच्या आठ बिटांना सुरुवातीचा एक आणि शेवटचे दोन बिट जोडले, की ११ बिट होतात. एका बिटाला ४ मायक्रोसेकंद, म्हणजे एका आकड्याला ४४ मायक्रोसेकंद. सुरुवातीचा खुणेचा आकडा धरून ५१३ आकड्यांना सुमारे २२.६ मिलिसेकंद लागतात. म्हणून पूर्ण यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा पाठवता येते. बदल असो वा नसो, यादी सतत जातच राहते. एखाद्या वेळी एखादा आकडा बिघडला, तरी पुढच्या फेरीत तो सुधारतो.

पण या मूळ पद्धतीत हे बोलणे एकतर्फी आहे. बोर्ड सांगतो, 'चौथा दिवा ७० वर.' दिवा लागला का, हे त्याला कळत नाही. बल्ब गेलेला असला, कोणी चुकून प्लग काढलेला असला, तरी बोर्डाच्या पडद्यावर ७० हा आकडा दिमाखात झळकत असतो. पहिल्या घंटेपूर्वी प्रत्येक दिवा एकेक करून लावून पाहण्याची शिस्त आजही पाळावी लागते ती यासाठी.

निम्मा आकडा म्हणजे निम्मा उजेड का?

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५७ मध्ये थायरिस्टर आणला आणि डिमर पार बदलला. थायरिस्टर वीज जाळून कमी करीत नाही, तो तिचा काही भाग अडवून धरतो. आपल्याकडे प्रत्यावर्ती विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १०० अर्धी आवर्तने आणि प्रत्येक अर्धे आवर्तन १० मिलिसेकंदांचे. थायरिस्टर प्रत्येक वेळी पहिले ५ मिलिसेकंद बंद राहिला आणि नंतरचे ५ चालू राहिला, तर परिणामी विभवांतर २३० व्होल्ट न राहता सुमारे १६३ व्होल्ट होते.

मग उजेड किती? तंतूच्या दिव्याचा उजेड विभवांतराच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. १६३ व्होल्ट म्हणजे मूळच्या ०.७१ पट. त्याचा ३.४ वा घात सुमारे ०.३. म्हणजे वेळ निम्मा, पण उजेड तीन दशांशच! शिवाय तंतूचे तापमान उतरल्यामुळे प्रकाश पिवळसर होतो. आणखी उतरवला की तांबूस. लोहाराच्या भट्टीतले लोखंड निवताना दिसते तेच येथे होते.

आता डोळ्याकडे वळू. डोळाही सरळ प्रमाणात मोजत नाही. उजेड एक चतुर्थांश केला, तर तो साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. तेव्हा बोर्डावरचा आकडा, डिमरचे विभवांतर, दिव्याचा उजेड आणि डोळ्याची जाणीव अशा चार पायऱ्या आहेत आणि त्यांतली कुठलीच दुसरीच्या सरळ प्रमाणात नाही. ५० या आकड्याला उजेड निम्मा 'वाटावा' म्हणून डिमरमध्ये मुद्दाम एक वक्र बसवलेला असतो.

एलईडी दिवे आल्यावर हा हिशेब पुन्हा बदलला. एलईडी फार वेगाने चालू-बंद करून मंद केला जातो, आणि मंद झाला तरी त्याचा रंग तंतूसारखा तांबूस होत नाही. दुसरे असे, की जाड तंतू तापायला आणि निवायला वेळ घेतो, त्यामुळे आकड्यांच्या पायऱ्या पुसट होतात. एलईडी प्रत्येक पायरी लगेच दाखवतो. ८० वरून ४० वर यायला १० मिनिटे दिली, तर १०२ पायऱ्या ६०० सेकंदांत, म्हणजे जवळजवळ सहा सेकंदांना एक पायरी. अंधाऱ्या प्रसंगात ती डोळ्याला टोचते. म्हणून अनेक एलईडी दिव्यांना दोन आकडे जोडून ६५,५३६ पायऱ्या देतात. सारांश, वहीतला तोच ४० तंतूच्या दिव्यावर उबदार संध्याकाळ करतो आणि साध्या एलईडीवर नुसताच मंद पांढरा उजेड.

रिकामी जागा आणि शून्य

स्मृतीविषयीचा सर्वांत रंजक प्रश्न पुढेच आहे. वरच्या यादीत आपण प्रत्येक क्यूसाठी सहाही आकडे लिहिले. पण क्यू २ कडून क्यू ३ कडे जाताना तिसरा आणि सहावा दिवा बदलतच नाहीत. मग ते पुन्हा का लिहायचे? फक्त बदल लिहिले, तर ३० आकड्यांऐवजी २३ पुरतात. या पद्धतीत क्यू ३ तिसऱ्या दिव्याबद्दल गप्प असतो, आणि गप्प याचा अर्थ 'आधी होता तसाच राहा'.

येथे रिकामी जागा आणि शून्य यांत मोठा फरक पडतो. शिक्षकांना तो सहज पटेल. गुणपत्रकात '०' लिहिणे वेगळे आणि रकाना कोरा ठेवणे वेगळे. पहिल्यात मुलाला शून्य गुण मिळालेले असतात, दुसऱ्यात आपण काहीच सांगितलेले नसते.

समजा, दिग्दर्शक म्हणाला, 'संध्याकाळी स्वयंपाकघरात थोडा उजेड हवा.' आपण क्यू २ मध्ये सहावा दिवा २० केला आणि साठवला. सहाही आकडे लिहिणाऱ्या बोर्डात क्यू ३ आला की तो पुन्हा शून्यावर जाईल. फक्त बदल लिहिणाऱ्या बोर्डात क्यू ३ गप्प आहे, म्हणून तो २० वर तसाच राहील आणि क्यू ४ मध्ये ६० चा आदेश मिळेपर्यंत जळत राहील.

कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यसंस्थेला प्रकाशाच्या कामात मदत करताना आम्हांला याचा धडा मिळाला. दुपारच्या तालमीत बाराव्या क्यूमध्ये आम्ही स्वयंपाकघराचा दिवा ३० वर घेतला. तो क्यू छान दिसला. पुढचे क्यू पुन्हा पाहायला वेळ नव्हता. बोर्ड बदल लिहिणारा होता आणि तेराव्यापासून एकविसाव्यापर्यंत कुणीच त्या दिव्याबद्दल बोलले नव्हते. एकविसाव्या क्यूमध्ये सगळे कुटुंब घर सोडून निघून जाते आणि मागे चांदण्यातले रिकामे घर उरते. प्रयोगात घर रिकामे झाले, पण स्वयंपाकघरात दिवा तेवतच राहिला. नाटक संपल्यावर एका प्रेक्षक बाईंनी विचारले, "म्हातारी आतच राहिली होती का हो?" त्यांची चूक नव्हती. उजेड जे सांगत होता, तेच त्यांनी वाचले. बोर्डाचीही चूक नव्हती. आम्ही कोऱ्या रकान्याला शून्य समजलो होतो.

मग बदल लिहिण्याची पद्धत टाकाऊ का? मुळीच नाही. निळा दिवा एखाद्या ठिकाणी फिका पडत असेल, तर क्यू २ मध्ये त्याचा ३० चा ४५ केला की क्यू ३ आपोआप सुधारतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक क्यू उघडून दुरुस्त करावा लागेल. उलट, तालमीत एकदम क्यू ५ वरून सुरुवात करायची असेल, तर बदल लिहिणाऱ्या बोर्डाला क्यू १ पासून सगळे बदल मनात जोडत यावे लागते. 'स्थिती लिहावी की बदल लिहावा' हा प्रश्न केवळ रंगभूमीचा नाही. बँकेच्या पासबुकात दोन्ही असतात : जमा-खर्चाचा रकाना बदल सांगतो, शिल्लक रकाना स्थिती. आजच्या बऱ्याच बोर्डांत दोन्ही पद्धती उपलब्ध असतात. कोणती चालू आहे, हे पहिला क्यू साठवण्यापूर्वी पाहून घ्यावे, एवढेच.

गाव बदलले की

व्यावसायिक नाटक दौऱ्यावर निघते. आज कोल्हापूर, उद्या सांगली, परवा बेळगाव. क्यूंचे आकडे खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतात. पण दिव्यांच्या जागा, त्यांची उंची, त्यांची जात, रंगमंचाची रुंदी हे सगळे गावोगाव बदलते. म्हणून बोर्डात एक मधली यादी असते : 'नाटकातला चौथा दिवा म्हणजे या नाट्यगृहातला सदतिसावा डिमर.' गाव बदलले की ही यादी बदलायची. क्यू तसेच राहतात. मात्र तो सदतिसावा दिवा तुळशीकडे वळवायला शिडीवर माणूसच चढावा लागतो. दिवा कोठे टांगला, कोठे रोखला, कोणता रंगीत कागद लावला, हे बोर्डाला ठाऊक नसते. ते कागदावरच्या आराखड्यात असते आणि बरेचसे माणसांच्या डोक्यात.

हे नुसते तात्त्विक राहिलेले नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच, छप्पर, प्रेक्षागृह जळून गेले. बाहेरच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. पुढे पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. तेथे प्रयोग केलेल्या एखाद्या संस्थेकडे जुन्या नाटकाचे क्यू आजही जसेच्या तसे असतील. ते बोर्डात घातले तर सगळे आकडे बिनचूक उमटतील. पण त्या आकड्यांना ज्या दिव्यांमुळे, ज्या उंचीमुळे, ज्या रंगमंचामुळे अर्थ होता, ते तेथे नसेल. आकडे वाचले म्हणून उजेड वाचला असे होत नाही. म्हणून आपल्या नाटकाचे क्यू जपणाऱ्याने दिव्यांचा आराखडा, रंगांच्या नोंदी आणि प्रत्येक प्रसंगाचे एक छायाचित्र हेही जपावे. त्यावरून दुसऱ्या रंगमंचावर, दुसऱ्या दिव्यांनी तीच संध्याकाळ पुन्हा जुळवता येते. आकडे वेगळे येतील, ते येऊ द्यावेत.

वर्गात करून पाहा

यासाठी बोर्डाची गरज नाही, आणि २३० व्होल्टच्या दिव्यांशी मुलांनी खेळूही नये. सहा विद्यार्थ्यांना सहा 'दिवे' करा. प्रत्येकाच्या हातात ० ते १० आकड्यांची पाटी द्या. दोन विद्यार्थी लेखनिक होतील : एक प्रत्येक क्यूचे सहाही आकडे लिहील, दुसरा फक्त बदल. पाठ्यपुस्तकातला एखादा नाट्यप्रवेश घेऊन पाच क्यू ठरवा. मग मधल्या एका क्यूत एक आकडा बदला आणि दोन्ही वह्यांवरून प्रवेश पुन्हा चालवा. कोणत्या क्यूला कोणता 'दिवा' वेगळा वागला, ते फळ्यावर मांडा. गणिताच्या तासाला ६० सेकंदांच्या बदलाचा आलेख काढता येईल. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना तंतूच्या दिव्याच्या ३.४ व्या घाताचा वक्र काढायला सांगावा.

शेवटी एक विद्यार्थी बटण दाबणारा करा आणि त्याला फक्त नाटक ऐकायला सांगा. बदलाला किती वेळ लागावा हे बोर्डात साठवता येते. बदल कधी सुरू व्हावा हे त्या दिवशीच्या नटावर अवलंबून असते. म्हातारी तुळशीपुढे हात जोडून आज एक श्वास जास्त थांबली, तर क्यू ३ नेही एक श्वास थांबायला हवे. तेवढे थांबणे बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसालाच जमते.